बाकी तीन

एकतीस डिसेंबरच्या संध्याकाळी कळा लागल्या
आणि हेमाक्षी आली तीन जानेवारीला, पहाटे.
मधले सगळे तास मी सात नंबरच्या खाटेवर
भिंतीचे पोपडे मोजत होते.
तेव्हा कुणी सांगितलं नाही
की घाई कर बाई, तारीख चाललीय.

आता शाळेतला क्लार्क सांगतो :
पहिलीला सहा पूर्ण हवीत, एकतीस डिसेंबरला.
तीन दिवस कमी पडतात.
मग चष्म्यावरून बघत, आवाज उतरवून :
नगरपालिकेत कोणी ओळखीचं नाही का, मॅडम?

मी कंडक्टर. अमळनेर डेपो, चोपडा फेरी.
वाढलेली पोरं मांडीवर आवळून बसलेल्या आया
मला रोज भेटतात.
"पाच नही व्हयनात अजून, बाई."
आणि मांडीवरूनच ते बेणं ओरडतं,
"माले सहावं लागनं!"
गाडी हसते.
मी अर्धं तिकीट काढते,
त्या आईकडे न बघता.

क्लार्कला म्हटलं, नाही. ओळखीचं कोणी नाही.

एसटीच्या हिशेबात पोर पाचाच्या पुढे,
शाळेच्या हिशेबात सहाच्या अलीकडे.
तिकीट लागतं. पाटी मिळत नाही.
एक वर्ष कुठेतरी बसवायचं तिला,
उभ्यानं प्रवास करणाऱ्याला
इंजिनाच्या झाकणावर बसवतात तसं.

बेबाताई म्हणाल्या, अंगणवाडीतच ऱ्हाऊ दे व,
पोर कोठे पळी जाई ऱ्हायनी?
पण तिथे ती सगळ्यांत उंच.
तिसऱ्यांदा तेच आंबा-पेरू-केळीचे तक्ते,
आणि दुपारी बारक्यांच्या रांगेत डोळे मिटून पडायचं,
झोप नसताना.

तिचा बाप सुरतेहून, लूमच्या खडखडाटात ओरडून :
इंग्लिशला टाक, मी पाठवतो पैसे!
धुळे रोडच्या शाळेत गेले.
गार खोली, प्लास्टिकचा हत्ती, बत्तीस हजार, दोन हप्ते.
तिथल्या मॅडमनी हेमाक्षीला शंभरपर्यंत म्हणायला लावलं.
तिनं म्हटले. सत्तावनला एकदा अडखळली
आणि माझ्याकडे बघितलं,
विनातिकीट सापडल्यासारखं.
ते बघणं मी ओळखते.

साप्ताहिक सुट्टी संपत आली होती.
पैलाडला बडगुजर बाईंची बालवाडी आहे,
पत्र्याची शेड, पाण्याचा माठ, बाकी काही नाही.
बाई आणि आठ-दहा पोरं चिंचा सोलत बसलेली.
मी दाखला काढला. बाईंनी तो घेतला नाही,
हात चिकट होते.
बसा, म्हणाल्या, आणि सोलत राहिल्या.

पाऊण तास. मला शिरपूरच्या ड्यूटीची काळजी,
बाई काही विचारेनात.
मग हेमाक्षीनंच विचारलं,
"इथे झोपावं लागतं का?"
बाई म्हणाल्या, "मला येते झोप.
तुला नाही आली तर माझ्यावरच्या माश्या हाकल."

पोर विचारात पडली.
पोरीनं माठाजवळचा पंखा उचलून बघितला,
एकदा हवेत फिरवून बघितला,
जसं बाजारात सूप निवडतात.

एवढ्यावर का कुणी शाळा ठरवतं?
सुरतेला अजून कळवलेलं नाही.
रात्री झोपही आली नाही मला;
सत्तावननंतरचे त्रेचाळीस आकडे
बडगुजर बाई कधी घेणार, घेणार की नाही,
कोण जाणे.

सुटे नसले की मी तिकिटाच्या पाठीवर लिहिते,
बाकी अमुक. सही.
लोक ते मुठीत जपून धरतात,
स्टँड येईपर्यंत दहादा उघडून बघतात.
पैलाडच्या पावतीच्या पाठीवर
सवयीनं पेन गेलं : बाकी ३.

"कोणाकडे बाकी?" हेमाक्षीनं विचारलं.
हल्ली तिला आकडे वाचता येतात.
माझ्याकडे, म्हटलं.
उतरताना मागून घे.